बाराव्या मजल्यावरचे रघुबुवा

रघुबुवा दुपारचे टीव्हीवर येतात ही बातमी लालबागच्या त्या नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावरून निघाली, वरखाली फिरली आणि सतराव्या मजल्यावर, म्हणजे खुद्द बुवांच्या घरी, सगळ्यात शेवटी पोचली. पोचली तेव्हाही बुवांना ती चेष्टा वाटली. कुणी 'काल तुम्हाला टीव्हीवर बघितलं' म्हणालं तर चारचौघांसारखा माणूस 'कुठच्या चॅनेलवर?' असं विचारील. बुवांनी 'असू दे, असू दे' म्हटलं आणि लिफ्टच्या आरशात टोपी सरळ करत ते आपला मजला येण्याची वाट बघत राहिले. हा प्रश्न त्यांनी वेळेवर विचारला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

रघुनाथ तोंडवळकर घराण्याने मालवणकडचे, जन्माने लालबागचे आणि स्वतःच्या मते फक्त भजनी बुवा. तरुणपणी त्यांनी गिरणीत नोकरी केली, गिरणी बंद पडल्यावर शीवला एका औषधांच्या गोदामात केली. पण नोकरी त्यांना रजा मिळावी एवढ्यासाठीच लागत असे, असं त्यांच्या पत्नीचं, कमलताईंचं, स्पष्ट मत होतं. रजा लागे डबलबारीला. डबलबारीत एकाच मांडवात दोन बुवा समोरासमोर बसतात. प्रत्येकाची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, मागे सूर धरणारी मंडळी वेगळी. एकाने आपली बारी म्हणायची, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. देवाचं नाव दोघेही घेतात, पण लोक मांड्या मोडेपर्यंत बसून राहतात ते बुवा एकमेकांना गाण्यातून काय सुनावतात आणि कसलं कोडं घालतात ते ऐकायला. ज्याला कोडं सुटत नाही त्याची हकिगत पुढे बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक कार्यात सांगितली जाते.

रघुबुवांची हकिगत अशीच सांगितली जात होती. जुनी चाळ पाडण्याआधी तिथे शेवटची पूजा झाली. तिच्या डबलबारीत नायगावच्या हितेंद्रबुवांनी एक कोडं घातलं आणि रघुबुवा पेटीवर नुसतेच सूर धरून बसले. उत्तर आलंच नाही. चाळ पडली, मातीचे ढिगारे गेले, बेचाळीस मजल्यांची इमारत उभी राहिली. ज्या जागी बुवा हरले ती जागासुद्धा राहिली नाही, पण हरलेलं कुणी विसरलं नाही. आता नव्या इमारतीची पहिली सत्यनारायणाची पूजा ठरली होती आणि कमिटीने कुणाला फार विचार करायची संधी न देता समोर हितेंद्रबुवांनाच सांगितलं होतं. हितेंद्रबुवा गळ्याने बरे होते. प्रसिद्धी मात्र त्यांच्या मिशीला जास्त होती. डोक्यावरचे केस पांढरे होऊन गळूनही गेले, पण मिशी कोळशासारखी काळी राहिली होती, आणि हे कसं, यावर परळपासून प्रभादेवीपर्यंतच्या भजनी मंडळांत अधूनमधून चिंतन चालत असे.

या खेपेला रघुबुवांकडे कोडं तयार होतं. त्यांनी ते स्वतः रचलं होतं. एका अंगणात तुळशी दोन. एक पाण्यावाचून मरते, दुसरी पाणी पडताच मरते. बुवा, दुसरी तुळस कुठची? उत्तर असं की दुसरी तुळस वृंदावनापुढे काढलेल्या रांगोळीतली. कोडं सुचलं त्या दिवशी बुवा जेवायला बसले तरी मधूनच हसत होते. कमलताईंनी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं फक्त गौतमला.

गौतम त्यांचा पखवाजवाला. गिरणीत दोघे एकाच खात्यात होते आणि पहिल्या बारीपासून गौतम बुवांच्या डाव्या हाताला बसत आला होता. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. त्याचीही चाळ जाऊन आता टॉवर झाला होता. दुपारचं जेवण झालं की तो बसने यायचा. पखवाज बुवांच्याच घरी असे. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याचा आवाज खोल जात नाही. ती कणीक कमलताई घट्ट मळून वाटीत तयार ठेवत. सराव संपला की गौतम ती बोटांनी खरवडून काढायचा, तिची गोळी करायचा आणि खिडकीत ठेवायचा. चाळीत ती कावळा नेत असे. सतराव्या मजल्यावर कोण नेतं हे कुणी बघितलं नव्हतं, पण गोळी सकाळी नसायची.

नव्या घरात सगळं चांगलं होतं, भिंती सोडून. चाळीतल्या भिंती फळ्यांच्या. शेजारी उचकी लागली तरी इकडून पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा. इथल्या भिंती सबंध सिमेंटच्या होत्या आणि त्यांना ड्रिल लावायला सोसायटीची मनाई होती. बुवांची मुलगी अनुजा एका विमा कंपनीचं काम घरून करायची. हॉलमध्ये पेटी आणि पखवाज असल्यामुळे तिला आतल्या खोलीत बसावं लागे, आणि इंटरनेटचा डबा होता हॉलमध्ये दाराशी. वायफाय दोन भिंती ओलांडून आत जाईपर्यंत धापा टाकायला लागायचं. मीटिंगमध्ये अनुजाचं तोंड अर्धवट उघडं राहून गोठून जायचं आणि साहेबांना वाटायचं ही काहीतरी बोलणार आहे.

त्यावर तिने एक उपाय शोधून काढला. बिल्डरने प्रत्येक खोलीच्या भिंतीत टीव्हीच्या वायरचं एकेक टोक काढून ठेवलं होतं. केबलवाले ओढायचे तसली जाडसर काळी वायर. केबल कुणी घेतलीच नाही, त्यामुळे वायर आयती पडून होती. अनुजाने ऑनलाइन दोन छोटे डबे मागवले. एक हॉलमध्ये इंटरनेटच्या डब्याला जोडला, एक आतल्या खोलीत ठेवला, आणि दोन्ही डब्यांची टोकं भिंतीतल्या त्या काळ्या वायरीला लावली. डब्यांवर हिरवे दिवे लागले. नेट वायरीतून आत गेलं, अनुजाचं तोंड मिटायला लागलं.

बुवा हे सगळं मागे हात बांधून बघत होते.

"टीव्हीच्या वायरीतनं नेट जातं," ते म्हणाले. "मग टीव्ही कशातनं येतो?"

"टीव्ही नेटमधनं येतो, बाबा."

बुवांनी वाकून वायरीचं टोक निरखलं. "मग ही वायर टीव्हीची कशी?"

अनुजाने डोक्याला हेडफोन लावला, म्हणजे तिची मीटिंग सुरू झाली असावी.

ही युक्ती बाराव्या मजल्यावरच्या जाईबाईंच्या कानावर गेली. जाईबाईंचे यजमान बुवांबरोबर गिरणीत होते, म्हणून बुवा त्यांना वैनी म्हणत. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहत आणि टीव्ही सकाळी चहाबरोबर सुरू करून निजताना बंद करत; बघत असोत नसोत, घरात कुणी बोलत असलं की बरं. त्यांचाही इंटरनेटचा डबा दाराशी आणि टीव्ही पार आत होता, मालिका सारखी अडकायची. अनुजाने तसलेच आणखी दोन डबे मागवून त्यांनाही लावून दिले. जाईबाईंनी तिला बसवून घावणे खायला घातले आणि तिच्या लग्नाचं पुन्हा एकदा विचारलं.

टीव्हीही दोन्ही घरी एकाच जातीचे होते. त्याला कारण होतं. ताबा मिळाला त्या दिवाळीत एका दुकानदाराने टेम्पो आवारात आणून लावला होता आणि अर्ध्या इमारतीने वरच्याने घेतला म्हणून खालच्याने घेतला, अशा रीतीने एकच टीव्ही घेतला. फरक वापरात होता. बुवा टीव्ही बघून झाला की रिमोटवर विश्वास न ठेवता भिंतीवरचं बटण बंद करत. चाळीतल्या एका पावसाळ्यात वीज कडाडून शेजाऱ्यांचा टीव्ही जळला होता. तेव्हापासून वस्तू वापरात नसेल तर तिच्यात वीज ठेवायची नाही, हा त्यांचा नेम होता.

पूजा जवळ आली तसा सराव रोजचा झाला. सराव चालू असताना बुवा समोर फोन उभा करून सगळं त्यात रेकॉर्ड करत. गाताना आपलं तोंड वाकडं होतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरं आहे की काय हे त्यांना बघायचं होतं. पण फोनच्या पडद्यावर त्यांना स्वतःचं तोंड चण्याएवढं दिसे. तेव्हा अनुजाने शिकवलं: फोनवरच्या या खुणेवर बोट ठेवायचं, टीव्हीचं नाव येतं, त्या नावावर बोट ठेवायचं, की फोनमधलं चित्र टीव्हीवर. तिने करून दाखवलं तेव्हा बुवा टीव्हीवर दिसलेही. ती समोर असली, टीव्ही आधीपासून चालू असला, की चित्र मुकाट्याने यायचं.

गौतम गेल्यावर दुपारी बुवा एकटे हा प्रयोग करत तेव्हा मात्र निराळं व्हायचं. ते आधी फोन घेत. खुणेवर बोट, नाव आलं, नावावर बोट. मग टीव्हीची आठवण होऊन ते भिंतीवरचं बटण दाबत. टीव्ही जागा होई, आपल्या कंपनीचं नाव दाखवी, आणि पुढे काही नाही. फोन म्हणे चित्र चालू आहे. टीव्ही म्हणे माझ्याकडे काही नाही. बुवा दोघांकडे आळीपाळीने बघत. दोन साक्षीदारांपैकी एक खोटं बोलतो आहे हे उघड होतं, पण कुठचा, ते कळत नसे. अखेर पेटीच्या पेटाऱ्यावर डोकं टेकून ते वामकुक्षी घेत, आणि फोन बिचारा सगळा सराव, कोड्यासकट आणि उत्तरासकट, आपल्या परीने दाखवत राही.

त्याच सुमारास लिफ्टमधली चेष्टा सुरू झाली. जाईबाई भेटल्या, म्हणाल्या, "बुवा, निळो शर्ट तुका शोभता हां टीव्हीवर." आदल्या दिवशी बुवांनी निळा शर्ट घातला होता, घरात. वॉचमनने सलाम ठोकून 'बुवा, आप तो स्टार हो गये' म्हटलं. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याने कपडे देताना चॅनेलवाले किती वेळ बसवून ठेवतात याची चौकशी केली. बुवांनी याचा अर्थ असा लावला की मागच्या हारीवरून लोक अजून टोचून बोलतात, फक्त आता टोचायची पद्धत सुधारली आहे. त्यांनी सराव वाढवला.

मग एके सकाळी भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हितेंद्रबुवांचा संदेश आला. रघुबुवांना नमस्कार, पूजेला भेटूच. आणि खाली एक ओळ: 'बुवा, रांगोळीवर पाणी सांडू नका.' त्याखाली हात जोडल्याचं चित्र होतं. ग्रुपवरच्या कितीतरी जणांनी, काही न समजता, हसरी तोंडं टाकली.

बुवांनी ती ओळ उभ्याने वाचली, मग बसून वाचली. कमलताईंना वाटलं गावाकडे कुणी गेलं. कोडं बुवांना ठाऊक होतं आणि गौतमला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला ते कळण्याची शक्यता बुवांनी सर्व बाजूंनी तपासून पाहिली. भिंती सिमेंटच्या. दार बंद. कमलताईंना भजनातलं काही ऐकूच येत नाही, कारण त्या तेव्हा स्वयंपाकघरातला पंखा लावून झोपतात. अनुजाच्या कानांवर हेडफोन. राहिला गौतम. आणि गौतम राहतो नायगावला, हितेंद्रबुवा राहतात नायगावला. एकदा असं जुळलं की माणूस आणखी जुळवत जातो. गौतम हल्ली लवकर निघतो. गौतमने परवा चहा अर्धा ठेवला. मागच्या बारीतसुद्धा, आता आठवलं, गौतमने मान खाली घातली होती. मागच्या बारीत खुद्द बुवांनीही मान खाली घातली होती, पण ते या हिशेबात धरायचं त्यांना सुचलं नाही.

तरी बुवा न्यायी होते. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी ते गौतमला म्हणाले की रांगोळीचं कोडं रद्द. आता सुरुवातच हितेंद्राच्या मिशीवरच्या गजराने करायची. आणि बसल्या बैठकीला त्यांनी तो जुळवलाही: डोक्यावर पुनव, मिशीत अवस, सांगा बुवा, आज तिथी कोणती? हा गजर ते पूजेत म्हणणारच नव्हते. गौतमला मात्र तो फार आवडला; दोन वेळा त्याचा ठेका हसण्याने चुकला. बुवांना ते हसणंही आता नाटकी वाटलं. समोर फोन नेहमीप्रमाणे उभा होता. गौतम गेल्यावर बुवांनी नेहमीप्रमाणे बोट ठेवलं, टीव्हीने नेहमीप्रमाणे काही दाखवलं नाही.

त्या आठवड्यातच ग्रुपवर प्रभादेवीच्या एका पूजेचा फोटो आला. मधोमध हितेंद्रबुवा पेटी घेऊन बसलेले, अंगावर शाल, आणि नाकाखाली काही नाही. इतकी वर्षं झाकलेला वरचा ओठ तिथे गोरापान आणि थोडा गांगरलेला दिसत होता. बुवांनी फोटो मोठा करून बघितला. संशयाला आता जागा नव्हती.

गौतम दुपारी आला. पखवाज मांडीवर घेऊन त्याने कणीक थापली, हात मारून आवाज बघितला. बुवांनी पेटी उघडलीच नाही. फोन त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "ह्याका मिशी काढूक कोणी सांगल्यान?"

गौतमने फोटो बघितला आणि तो खळखळून हसला. मग त्याला दिसलं की बुवा हसत नाहीत. त्याने प्रश्न पुन्हा एकदा मनात म्हणून बघितला असावा.  त्याने पखवाज मांडीवरून उतरवून भिंतीशी टेकवला, चपला घातल्या आणि गेला. कमलताई दोन कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा लिफ्टचं दार लागत होतं.

कणीक तशीच राहिली. इतक्या वर्षांत गौतम ती पुडीवर ठेवून कधी गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत ती वाळून फुटली, दुसऱ्या दिवशी दगडासारखी झाली. बुवांनी सुपारीच्या अडकित्त्याने ती काढायचा एक प्रयत्न केला, पण पुडी फाटेल म्हणून सोडून दिला. वरळीच्या एका पोराला पखवाजासाठी विचारून झालं. त्याने होकार दिला आणि कुठचे 'ट्रॅक' आहेत ते पाठवा म्हणाला. बुवांनी फोन ठेवला. सराव बंद, फोन बंद, टीव्ही बटणावर बंद. मांडवात पुन्हा एकदा नुसते सूर धरून बसायचं, आणि या खेपेला डावी बाजूही रिकामी, हे चित्र मात्र त्यांना कुठचंही बटण न दाबता सारखं दिसत होतं.

तीनचार दिवसांनी बेल वाजली. जाईबाई वाटीभर काजूची उसळ घेऊन आल्या होत्या आणि तक्रारीच्या सुरात होत्या.

"काय रे रघू, तू हल्ली दिसणस नाय टीव्हीवर? चॅनेल बंद झालो?"

बुवा चिडायच्या बेतात होते. पण वैनींच्या तोंडावर चेष्टेचा लवलेश नव्हता. अनुजा पाणी प्यायला बाहेर आली होती. जो प्रश्न तिच्या वडिलांना इतके दिवस सुचला नव्हता तो तिने सहज विचारला: कुठल्या चॅनेलवर?

जाईबाईंना ते माहीत नव्हतं. दुपारची मालिका चालू असते, मधेच जाते आणि रघू येतो. रघू गातो, गौतम वाजवतो, कोडं होतं, मग मालिका परत लावावी लागते. त्यांनी यात आश्चर्य मानलं नव्हतं. टीव्हीचं कामच माणसं आणून दाखवण्याचं. इतकी परकी माणसं येतात, एक ओळखीचा आला तर बिघडलं काय? त्यांना अभिमानच वाटला. त्यांनी लगोलग आपल्या भाच्याला फोन करून सुनावलं होतं, की बघ, रघू टीव्हीवर येतो आणि तू काय करतोस.

"भाचा कोण?" बुवांनी विचारलं.

"कोण म्हणजे? हितेंद्र. माझ्या भावाचो झील."

हे बुवांना वास्तविक माहीत होतं. जाईबाईंचं माहेर नायगावचं, हितेंद्रबुवा त्यांच्या घरातले. पण नातीगोती लक्षात ठेवणं हे घरात कमलताईंचं खातं होतं आणि बुवांनी त्यात कधी ढवळाढवळ केली नव्हती. तुळशीचं कोडं जाईबाईंनी भाच्याला घालून बघितलं; त्याला येईना, तेव्हा उत्तरही त्यांनीच सांगितलं. मिशीचं तर त्यांनी मायेने सांगितलं, की पोरा, टीव्हीवर तुझ्या मिशीची शोभा झाली, काढून टाक ती. टीव्हीवर झालेली गोष्ट गुपित असते ही कल्पनाच त्यांना नवी होती.

अनुजा त्यांच्याबरोबर खाली बाराव्या मजल्यावर गेली. जाताना बजावून गेली की बाबा, तुम्ही रोज करता अगदी तसंच करा, शहाणपणा नको. बुवांनी फोन घेतला, खुणेवर बोट ठेवलं, नाव आलं, नावावर बोट ठेवलं. मग भिंतीवरचं बटण दाबलं. टीव्हीने कंपनीचं नाव दाखवलं आणि तो गप्प बसला. फोन वाजला.

"बाबा," अनुजा म्हणाली, "तुम्ही इथे आहात."

"मी वर आहे."

"वर आहात ना. पण इथे पण आहात."

तिने वर येऊन समजावून सांगितलं. सगळ्या घरांतल्या काळ्या वायरी शेवटी गच्चीवरून खाली उतरणाऱ्या एकाच मोठ्या वायरीला जोडलेल्या आहेत. आपला डबा वायरीत जे सोडतो ते वायर जाईल तिथवर जातं. आपलं घर कुठे संपतं हे वायरीला कळत नाही. जाईबाईंचे डबे त्याच जातीचे. त्यांनी एकमेकांना ओळखलं आणि दोन घरांचं नेट एक झालं. त्यांना पासवर्ड घालायचा असतो आणि वायर घरात शिरते तिथे अंगठ्याएवढी एक गाळणी बसवायची असते, म्हणजे आतलं बाहेर जात नाही. अनुजाने घरातल्या घरात कुलूप कशाला म्हणून दोन्ही सोडलं होतं. आणि बाबा टीव्ही बटणावर बंद करतात, म्हणून फोनने शोधलं की घरचा टीव्ही सापडायचा नाही. सापडायचा तो नेहमी जागा असलेला जाईबाईंचा, नाव तेच. टीव्ही आधी लावायचा, मग फोन घ्यायचा, आणि ते बटण तर मुळीच बंद करायचं नाही, हे तिने तीन वेळा बजावलं.

बुवा मान हलवत होते. वायर घरात येते, घर वायरीत जातं, टीव्ही झोपतो, गाळणी आतलं आत ठेवते: यातलं त्यांना काहीच नीट लागलं नाही. एवढंच लागलं की गौतमने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले आणि कमलताईंना म्हणाले, पखवाजासाठी पीठ मळून दे, नायगावला जायचं आहे. कमलताई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्या पखवाजाचा पीठ. तुमीच मळा."

बुवांनी जन्मात कणकेत हात घातला नव्हता. पिठाचा डबा कुठचा हे त्यांना दोन डबे उघडल्यावर कळलं. बाकी त्यांनी आठवून केलं. कमलताई भाजी चिरता चिरता सगळं बघत होत्या. गोळा स्टीलच्या डब्यात भरून बुवा लालबागच्या नाक्यावर बसला उभे राहिले.

नायगावच्या टॉवरमध्ये गौतमचं घर नवव्या मजल्यावर होतं. दार त्यानेच उघडलं. आधी बुवांकडे, मग डब्याकडे बघितलं.

"काय हाडलंस?"

"पीठ."

गौतम बाजूला झाला, म्हणून बुवा आत गेले. बसल्यावर त्यांनी सगळं सांगायला घेतलं. सांगताना त्यांना जाणवायला लागलं की खरी हकिगत खोट्याहून वाईट वाटते आहे. अनुजाची मीटिंग, काळी वायर, वैनींची मालिका, अंगठ्याएवढी गाळणी. मधेच गाळणीचं आधी सांगितलं आणि वायरीचं राहिलं, तेव्हा पुन्हा मागे जावं लागलं. गौतम ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे वायरीन सांगल्यान."

"होय. वायरीन."

"आणि इतकी वर्षां तुझ्या बाजूक बसतंय मी," गौतम सावकाश म्हणाला, "तरी पयलो संशय माझ्यावरच."

उत्तर देण्याची पाळी बुवांची होती. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. खालून बस वळण घेताना ऐकू येत होती. मागच्या पूजेतसुद्धा त्यांना इतकं थांबावं लागलं नव्हतं.

"चुकलंय मी," ते म्हणाले.

गौतमने डबा ओढून उघडला. बोट खुपसलं, चिमूटभर पीठ काढून दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि जिभेला लावलं.

"मीठ घातलंस?"

"थोडा."

"आणि तेल?"

"ता पण थोडा."

"ह्या चपातेचा पीठ झाला. पखवाज काय जेवतलो?"

तो उठला, आतून परात आणि कोरडी कणीक घेऊन आला आणि खाली बसून पाण्याचा हात लावत मळायला लागला. मळताना नजर परातीवर ठेवून त्याने विचारलं, की आता पूजेत म्हणणार काय. बुवांनी खरं ते सांगितलं. रांगोळी गेली, मिशीही गेली. हातात काही उरलं नाही.

"तूच सांग काय तरी," ते म्हणाले.

गौतमचा हात जरा थांबला. आजवर कोडं रचायला बुवांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. मग मळणं पुन्हा सुरू झालं.

"सांगतलंय. पण आधी घराक जा आणि तो टीव्ही भिंतीवरच्या बटणार बंद कर. रिमोटाचा काय खरा नाय."

अनुजाने तीन वेळा बजावलेलं बुवांना आठवलं. परात फरशीवर सरकत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"करतंय," ते म्हणाले.